मैल कसे मोजले, ते तिकिटासोबतच सांगा : नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला खुले पत्र

प्रति,
मा. महासंचालक,
नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, नवी दिल्ली

तसेच भारतातून उड्डाणे करणाऱ्या सर्व विमान कंपन्यांचे फ्रिक्वेंट फ्लायर विभाग

सविनय नमस्कार.

मी पुण्यात गेली तेवीस वर्षे विमानाची तिकिटे काढून देण्याचे काम करते. माझ्या टेबलासमोर बसलेल्या प्रवाशांनी सर्वांत जास्त वेळा विचारलेला आणि मला क्वचितच खात्रीने उत्तर देता आलेला प्रश्न एकच आहे : "या प्रवासाचे मैल किती जमा होतील?" हे मैल म्हणजे विमान कंपन्यांच्या नेहमीच्या प्रवाशांसाठीच्या (फ्रिक्वेंट फ्लायर) योजनेत प्रवासाबद्दल सदस्याच्या खात्यावर साठणारे आणि पुढे तिकिटासाठी वापरता येणारे गुण. भाडे रुपयापर्यंत सांगता येते, सामान किलोपर्यंत सांगता येते, तिकीट रद्द केले तर किती कापले जातील हेही सांगता येते. मैलांच्या बाबतीत मात्र "बहुतेक इतके मिळतील, खात्यावर आल्यावर बघा" यापलीकडे जाता येत नाही. माझी आपल्याकडे मागणी अशी आहे की, तिकिटाचे पैसे भरण्यापूर्वी त्या तिकिटावर नेमके किती मैल किंवा गुण जमा होतील आणि ते कोणत्या हिशेबाने, हे प्रवाशाला लेखी दाखवणे विमान कंपन्यांना बंधनकारक करावे.

ही मागणी ज्या प्रसंगामुळे पक्की झाली तो आधी सांगते. साताऱ्याचे एक निवृत्त भूगोल शिक्षक आणि त्यांच्या पत्नी गेल्या वर्षी न्यू जर्सीला मुलाकडे चार महिने राहून आले. मुंबई–फ्रँकफर्ट–न्यूअर्क आणि त्याच वाटेने परत, असे त्यांचे तिकीट मीच काढले होते. परत आल्यावर दीड महिन्याने काका माझ्याकडे आले. त्यांनी पिशवीतून प्लास्टिकच्या पाकिटात जपून ठेवलेले आठही बोर्डिंग पास काढले, तारखेप्रमाणे टेबलावर मांडले आणि शेजारी वहीचे एक पान ठेवले. घरातल्या पृथ्वीगोलावर मुंबईपासून फ्रँकफर्टपर्यंत आणि तिथून न्यूअर्कपर्यंत दोरा ताणून, तो पट्टीवर मोजून, गोलाच्या प्रमाणाने गुणून त्यांनी अंतर काढले होते. उत्तर आले होते जाऊन-येऊन माणशी जवळजवळ 16,000 मैल. खात्यावर प्रत्येकी 2,040 मैल जमा झाले होते. "ताई, माझा दोरा एवढा चुकला का?" असे त्यांनी विचारले.

दोरा चुकला नव्हता. गोलावर ताणलेला दोरा जी वाट धरतो ते बृहद्वृत्तावरचे, म्हणजे दोन स्थळांमधले सर्वांत जवळचे अंतर, आणि विमान कंपन्याही अंतरावर आधारलेल्या योजनेत तेच अंतर धरतात. आयाटा ही विमान कंपन्यांची आंतरराष्ट्रीय संघटना शहरा-शहरांमधल्या अंतरांचा तक्ता प्रसिद्ध करते. कंपन्या त्याचा किंवा स्वतःच्या तक्त्याचा आधार घेतात. मुंबई–फ्रँकफर्ट हे अंतर सुमारे 4,080 मैल आहे आणि फ्रँकफर्ट–न्यूअर्क सुमारे 3,860. दोन्ही मिळून 7,940 आणि दुप्पट केले की 15,880. भूगोलाच्या शिक्षकाने घरी बसून केलेले मोजमाप कंपनीच्या तक्त्याच्या इतके जवळ आले होते, याचे मला आजही कौतुक वाटते.

हे मैल जमिनीवरचे असतात, 1.609 किलोमीटरचे. वैमानिकांचा सागरी मैल 1.852 किलोमीटरचा आणि तो या हिशेबात येत नाही. म्हणूनच मुंबई–दिल्ली अंतर प्रवाशाच्या खात्यासाठी सुमारे 708 मैल धरले जाते, जरी वैमानिकाच्या कागदावर ते 615च्या आसपास असले तरी. शिवाय विमान प्रत्यक्षात किती फिरून गेले याचाही या आकड्याशी संबंध नाही. 24 एप्रिल 2025 पासून पाकिस्तानने भारतीय कंपन्यांसाठी आपली हवाई हद्द बंद केली, त्यानंतर दिल्लीहून पश्चिमेकडे जाणारी त्यांची विमाने लांबच्या वाटेने जाऊ लागली आणि अमेरिकेची काही उड्डाणे इंधनासाठी युरोपात उतरू लागली. प्रवासी जास्त तास बसले, पण दोन शहरांमधला आकडा तोच राहिला. हा नियम मला मान्य आहे. मोजमापाला एक स्थिर पट्टी हवीच आणि बृहद्वृत्त ही चांगली पट्टी आहे.

गोंधळ त्यापुढे सुरू होतो. प्रत्येक तिकिटाला एक बुकिंग क्लास असतो, म्हणजे एकच अक्षर. इकॉनॉमीच्या त्याच रांगेत बसलेल्या तीस माणसांची अक्षरे दहा प्रकारची असू शकतात. वाय हे अक्षर साधारणपणे पूर्ण भाड्याच्या इकॉनॉमीचे. बाकीची अक्षरे ज्या त्या कंपनीने आपापल्या सोयीने लावलेली. मैल जमा करताना अंतराला या अक्षराच्या टक्केवारीने गुणतात. पूर्ण भाड्याला 100 टक्के किंवा जास्त, बिझनेसला दीडपट-दुप्पट, सवलतीच्या भाड्याला 50 किंवा 25 टक्के, आणि अगदी स्वस्त अक्षरांना, गटाच्या भाड्याला किंवा सहलीच्या पॅकेजमधल्या तिकिटाला पुष्कळदा शून्य. काकांच्या मुंबई–फ्रँकफर्ट टप्प्याच्या अक्षराला 25 टक्के होते. जाऊन-येऊन 8,160 मैलांचे 2,040 झाले. पुढचा फ्रँकफर्ट–न्यूअर्क टप्पा कोडशेअरचा होता : तिकिटावर क्रमांक एका कंपनीचा, विमान दुसऱ्या कंपनीचे. तिथे त्यांचे अक्षर बदलून त्या दुसऱ्या कंपनीचे वेगळे अक्षर पडले आणि ज्या योजनेत ते सदस्य होते तिच्या तक्त्यात त्या अक्षरासमोर काहीच नव्हते. म्हणून 7,720 मैलांचे शून्य.

हे अक्षर तिकीट काढताना माझ्या पडद्यावर होते. मुंबई–फ्रँकफर्टच्या अक्षराची टक्केवारी मी शोधली असती तर मला सापडली असती. कोडशेअरच्या टप्प्याचे अक्षर पलीकडे कशात पडणार आहे, हे मात्र मलाही दिसत नव्हते. काकांना तर यातले काहीच दिसले नव्हते, कारण त्यांना दाखवलेल्या कागदावर फक्त "इकॉनॉमी" लिहिले होते. त्याच दिवशी थोडे जास्त भाडे भरून पुढचे अक्षर घेता आले असते. ते घ्यायचे की नाही हे ठरवण्याचा हक्क त्यांचा होता, आणि माहितीअभावी तो त्यांना वापरता आला नाही. "मला फुकटचे काही नको," असे ते म्हणाले, "पण तुम्ही मोजताय तर कसे मोजताय ते मला कळायला हवे." मला त्यांच्या या वाक्यावर काही बोलता आले नाही.

अंतराची ही पद्धत आता मागे पडते आहे, हे मला ठाऊक आहे. अमेरिकन एअरलाइन्सने 1 मे 1981 रोजी आपली योजना सुरू केली आणि काही दिवसांतच युनायटेडनेही केली, तेव्हा मैल म्हणजे खरोखर उडालेले मैल होते. पुढे डेल्टा आणि युनायटेड यांनी 2015 मध्ये, अमेरिकनने 2016 मध्ये आपली गणना भाड्याच्या रकमेवर नेली. लुफ्तान्सा ज्या योजनेत आहे तिने 2018 मध्ये, ब्रिटिश एअरवेजने 2023 मध्ये आणि आपल्या एअर इंडियाने 2024 मध्ये हेच केले. या बदलालाही माझा विरोध नाही. जास्त पैसे देणाऱ्या प्रवाशाला जास्त परतावा द्यावा असे एखाद्या व्यापाऱ्याला वाटले तर ते गैर नाही, आणि एअर इंडियाप्रमाणे ज्यांनी "मैल" हा शब्दच सोडून "पॉइंट" म्हणायला सुरुवात केली त्यांनी निदान भाषेत तरी स्पष्टता आणली. पण मैल हा शब्द ठेवायचा आणि मोजायचे मात्र रुपये, हे ग्राहकाची दिशाभूल करणारे आहे. काकांसारखा माणूस मैल म्हटल्यावर पृथ्वीगोलाकडेच जाणार.

रुपयांवरची गणना सोपी आहे असे वरवर वाटते. ती तशी नाही. समजा, पुणे–दिल्ली तिकीट 6,240 रुपयांचे आहे आणि योजनेत दर 100 रुपयांना 6 गुण आहेत. प्रवासी 6,240 धरून हिशेब करतो. पण वस्तू व सेवा कर, विमानतळाचे वापरकर्ता विकास शुल्क, सुरक्षा शुल्क यांवर गुण मिळत नाहीत. ते मूळ भाडे आणि कंपनीचा स्वतःचा अधिभार यांवरच मिळतात. ही रक्कम समजा 5,150 निघाली. पूर्ण शंभरच मोजायचे असतील तर 51 शंभर धरून 306 गुण होतात आणि शंभराचे तुकडेही मोजायचे असतील तर 309. शेजारच्याच आसनावर आदल्या दिवशी तिकीट काढून बसलेल्या माणसाने 15,428 रुपये भरले असतील आणि त्यातले 13,900 गणनेस पात्र असतील, तर त्याला 834. अंतराच्या पद्धतीत, दोघांची अक्षरे शंभर टक्क्यांची असती, तर दोघांनाही सुमारे 720 मैल मिळाले असते. एकच विमान, एकच रांग आणि चार वेगळे आकडे. यांपैकी आपला आकडा कोणता, हे प्रवाशाला पैसे भरण्याच्या पानावर कळू नये, याचे मला एकही समाधानकारक कारण सापडलेले नाही. ज्या संगणकाने कर पैशापर्यंत वेगळा काढला त्याला हा गुणाकार नक्कीच येतो. काही कंपन्या स्वतःच्या संकेतस्थळावर, सदस्याने आधी लॉग-इन केले तर, हा आकडा दाखवतातही. म्हणजे अडचण तंत्राची नाही. माझ्यासारख्या मध्यस्थाकडून किंवा तिकिटांच्या संकेतस्थळांवरून घेतलेल्या तिकिटांवर तो सहसा दिसत नाही, आणि मराठी घरांतली वडीलधारी माणसे परदेशी जाताना बहुधा अशाच कुणाकडून तरी तिकीट काढून घेतात.

त्यात भर अशी की या दोन पद्धती एकाच योजनेत शेजारी-शेजारी नांदतात. स्वतःच्या विमानासाठी भाड्यावर गणना आणि भागीदार कंपनीने विकलेल्या तिकिटासाठी अंतर गुणिले अक्षर, असे अनेक मोठ्या योजनांत आहे. एअर इंडिया 2014 पासून स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या संघात आहे, त्यामुळे तिच्या विमानाने केलेला प्रवास त्या संघातल्या दुसऱ्या कंपनीच्या खात्यात जमा करता येतो आणि ही चांगली सोय आहे. मात्र कोणत्या खात्यात टाकल्यावर किती जमा होईल याची तुलना करायची तर दरवेळी दोन-तीन तक्ते उघडावे लागतात, आणि ते तक्ते आधी कळवल्याशिवाय बदललेले मी पाहिले आहेत. तिकीट क्रमांकाचे पहिले तीन आकडे तिकीट देणारी कंपनी सांगतात, उदाहरणार्थ 098 म्हणजे एअर इंडिया आणि 220 म्हणजे लुफ्तान्सा. काही योजनांत हे तीन आकडे ठरवतात की तुमचा हिशेब रुपयांत होणार की मैलांत. हे किती प्रवाशांना ठाऊक असेल?

उड्डाण रद्द होऊन कंपनीने दुसऱ्याच विमानात बसवले, तर काय मोजायचे, हाही प्रश्न आहे. बदलून मिळालेल्या जागेचे अक्षर पुष्कळदा शून्याचे असते. मूळ तिकिटाप्रमाणे मैल द्यावेत अशी तरतूद बऱ्याच योजनांत आहे, पण ते मागावे लागतात, ठरावीक मुदतीत मागावे लागतात आणि त्यासाठी बोर्डिंग पास जपून ठेवावा लागतो. रात्रभर विमानतळावर काढलेल्या माणसाने सहा महिन्यांनी हा अर्ज आठवणीने करावा, ही अपेक्षा मला कठोर वाटते.

एक अडचण खास आपल्याकडची आहे आणि ती मी आठवड्यातून एकदा तरी पाहते. महाराष्ट्रात पासपोर्टवर स्वतःच्या नावापुढे वडिलांचे किंवा पतीचे नाव जोडून लिहिलेले असते. तिकिटावर ही दोन्ही नावे एकत्र चिकटून छापली जातात, योजनेच्या खात्यात मात्र फक्त पहिले नाव आणि आडनाव असते. नाव जुळले नाही म्हणून मैल आपोआप जमा होत नाहीत. लग्नानंतर आडनाव बदललेल्या स्त्रियांचे तर दोन-दोन खात्यांत विखुरलेले मैल मी पाहिले आहेत. पासपोर्ट क्रमांक आणि जन्मतारीख कंपनीकडे असताना केवळ नावातल्या मधल्या शब्दासाठी प्रवाशाला पत्रव्यवहार करायला लावू नये.

आता आपल्या अधिकाराबद्दल. ही बाब कंपनी आणि सदस्य यांच्यातल्या खासगी कराराची आहे, असे उत्तर मला याआधी मिळाले आहे. पण आपणच तिकिटाच्या परताव्याबाबत काढलेल्या नियमावलीत असे म्हटले आहे की रद्द करण्याचे शुल्क मूळ भाडे आणि इंधन अधिभार यांच्या बेरजेपेक्षा जास्त असू नये, आणि परताव्याची रक्कम प्रवाशाला निःसंदिग्धपणे दाखवावी. म्हणजे तिकिटाचे कोणते भाग कंपनीचे आणि कोणते सरकारचे व विमानतळाचे, हे वेगळे करून दाखवायला आपण कंपन्यांना आधीच लावले आहे. माझी मागणी त्याच कागदावर आणखी एक ओळ छापण्याची आहे. केंद्र सरकारच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 रोजी फसव्या रचनांविरुद्ध (डार्क पॅटर्न, म्हणजे ग्राहकाची दिशाभूल करणारी संकेतस्थळांची मांडणी) मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत किमतीचे घटक लपवून शेवटी उघड करण्याला मनाई आहे. ज्या मैलांचे आमिष दाखवून तिकीट विकले जाते त्यांची संख्या लपवणे यापेक्षा फार वेगळे नाही, असे माझे प्रामाणिक मत आहे.

आकडा लेखीच का हवा, याचे उत्तर अमेरिकेतल्या दोन निकालांत आहे. 1995 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने अमेरिकन एअरलाइन्सच्या सदस्यांना, कंपनीने स्वतः दिलेले वचन मोडले या आधारावर दावा चालवू दिला. 2014 मध्ये त्याच न्यायालयाने नॉर्थवेस्ट या विमान कंपनीविरुद्धचा, करारात न लिहिलेल्या सद्भावनेवर आधारलेला दावा फेटाळला. जे शब्दांत होते ते टिकले, जे गृहीत धरले होते ते टिकले नाही. सप्टेंबर 2024 मध्ये अमेरिकेच्या परिवहन खात्याने चार मोठ्या कंपन्यांकडून त्यांच्या योजनांची सविस्तर माहिती मागवली, तेव्हा सरकारने यात पडू नये हा युक्तिवाद तिथेही आता पूर्वीसारखा चालत नाही. या योजना लहानही राहिलेल्या नाहीत. 2020 मध्ये महासाथीच्या काळात युनायटेडने आपली योजना तारण ठेवून अब्जावधी डॉलरचे कर्ज उभारले, तेव्हा तिचे मूल्य सुमारे 22 अब्ज डॉलर धरले गेले होते. ज्या हिशेबावर बँका कर्ज देतात तो हिशेब प्रवाशालाही पाहायला मिळाला पाहिजे.

म्हणून आपण एक परिपत्रक काढावे. पैसे भरण्याच्या पानावर आणि ई-तिकिटावर, तिकीट कुणाकडूनही घेतलेले असो, प्रत्येक टप्प्यासमोर बुकिंग क्लासचे अक्षर, गणनेची पद्धत, गणनेस धरलेले अंतर किंवा रक्कम आणि जमा होणारा आकडा छापावा. शून्य असेल तर शून्य असे स्पष्ट लिहावे. तिकीट घेतले त्या दिवशीचा तक्ता प्रवासाच्या दिवशीही लागू राहावा. कंपनीच्या कारणाने विमान बदलले तर मूळ तिकिटाप्रमाणेच मैल आपोआप जमा व्हावेत. आणि साठवलेल्या मैलांचे मोल कमी करणारा कोणताही बदल करायचा असेल तर निदान सहा महिने आधी प्रत्येक सदस्याला तो कळवावा. कंपन्यांना माझी विनंती आहे की परिपत्रकाची वाट न पाहता पहिली गोष्ट तरी आजपासून सुरू करावी; मध्यस्थांच्या पडद्यावर हा आकडा उपलब्ध करून दिला तर तो प्रवाशाला वाचून दाखवण्याची जबाबदारी मी आणि माझ्यासारखे हजारो जण आनंदाने घेऊ.

काका-काकू येत्या जूनमध्ये पुन्हा न्यूअर्कला जाणार आहेत. तिकीट फेब्रुवारीत काढायचे ठरले आहे आणि या वेळी त्यांनी वहीत चार टप्प्यांची चार घरे आधीच आखून आणली आहेत. दोन घरांत मला टक्केवारी लिहिता आली. फ्रँकफर्ट–न्यूअर्क आणि न्यूअर्क–फ्रँकफर्ट ही दोन घरे कोरी आहेत, कारण त्या अक्षराचे पुढे काय होईल हे आजही मला कुठल्याच पडद्यावर दिसत नाही. आपण फेब्रुवारीच्या आत काही केलेत, तर ती मला भरून देता येतील.

आपली विश्वासू,
पुण्यातील एक तिकीट सल्लागार